हनुवटीच्या पुलाखालून नवरीची होडी

दक्षिण जपानातल्या आमच्या यानागावा गावात होड्या जुन्या झाल्या की त्यांच्या दोन्ही कडा कालव्याच्या दगडी भिंतींना घासून पांढऱ्या पडतात. नव्या नावाड्याची होडी तर दोन वर्षांत मांजराने नखे घासलेल्या खांबासारखी दिसू लागते. एगुची तामेझो यांची होडी एकोणीस वर्षे वापरून मोडीत निघाली, तेव्हा तिच्या कडांचा रंग उन्हाने उडालेला होता. दगडाचा ओरखडा एकही नव्हता. मी मुद्दाम वाकून पाहिले होते.

ते माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या मागच्या दाराच्या पायऱ्या एकाच कालव्यात उतरतात, त्यामुळे चाळीस वर्षे रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी त्यांना कामावर निघताना पाहिले. माणूस लहान चणीचा, कानांपर्यंत उतरलेली गवताची टोपी, निळा अंगरखा, आणि हातात स्वतःच्या अडीचपट उंचीचा बांबू. तो बांबू पाण्यात जाताना आवाज होत नसे. नव्या पोरांना ते शिकवत, "बांबू मारायचा नाही, ठेवायचा. झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालतो ना, तसा."

पंधराव्या वर्षी ते कालव्यातला गाळ भरून भातशेतांवर नेत असत. पुढे खते आली, गाळाला कोणी विचारेना, आणि त्याच सुमारास बाहेरगावची माणसे कालवे पाहायला येऊ लागली. गाळाच्या होड्या घासून धुतल्या, चटया अंथरल्या, आणि तामेझो-सान प्रवासी नेऊ लागले. "आधी गाळ नेत होतो, आता माणसं नेतो," ते प्रवाशांना सांगत. "फरक एवढाच, की गाळ तक्रार करत नव्हता." आमचे पूल ठेंगणे. पूल जवळ आला की ते ओरडत, "डोकी सांभाळा! ज्यांना आहेत त्यांनीच." हा विनोद मी किती वेळा ऐकला असेन देव जाणे, पण दर वेळी होडीतून हसू येई.

पुलाखाली आवाज घुमतो म्हणून तिथे गाणे म्हणायचे, ही नावाड्यांची जुनी रीत. तामेझो-सानचा सूर कधीच लागला नाही. त्यांची बायको किनुए-सान धुणे वाळत घालता घालता म्हणे, "बाकीच्यांचा आवाज पूल घुमवतो. यांचा तसाच्या तसा परत पाठवतो."

फेब्रुवारीत दहा दिवस कालव्यांचे पाणी सोडून देतात आणि सगळे गाव तळ साफ करायला उतरते. आम्ही बाया रबरी बूट घालून आपापल्या दारापुरते गाळ, बाटल्या, फुटकी भांडी उचलतो. तामेझो-सान मात्र चारही किलोमीटर पायी चालत. हातात एक काठी, तिच्यावर खुणा. कुठे दगड सरकला, कुठे खड्डा झाला, कोणत्या पुलाची तुळई तळापासून किती उंच आहे, सगळे मोजून घेत. लिहीत काहीच नसत. मी एकदा म्हटले, "तामेझो-सान, वहीत उतरवून ठेवा. विसराल." ते म्हणाले, "वही पाण्यात पडली तर? डोकं पडलं तर त्याच्याबरोबर मीही पडलेला असतो, मग विसरलो तरी चालतंय."

असा हा नावाडी. आणि तरी बावीस वर्षे त्यांना कोणी नवरीची होडी दिली नाही.

आमच्याकडे नवरी होडीतून देवळात जाते. होडी एकदा निघाली की मागे घ्यायची नाही. वाटेत नवरीने उतरायचे नाही. मागे गेलेली होडी म्हणजे माहेरी परत आलेली मुलगी, असे मानतात. समोरून दुसरी होडी आली तर तीच मागे सरते, मग तिच्यात कोणीही बसलेले असो.

१९७७ च्या जूनमध्ये तामेझो-सान फुसाको नावाच्या नवरीला घेऊन निघाले होते. आदल्या दोन दिवसांत खूप पाऊस झाला होता. आमच्या पुलांतला सर्वांत ठेंगणा, ज्याला गाव हनुवटीचा पूल म्हणते कारण तिथे हनुवटी छातीला लावावी लागते, त्याच्या तोंडाशी त्यांनी होडी थांबवली. नवरीला हनुवटी छातीला लावता येत नाही. डोक्यावर उंच अंबाड्याचा जड टोप, त्याच्यावर पांढरे कापड, पाठीला ताठ पट्टा. ती झाडासारखी बसलेली असते. तुळई बरोबर टोपाच्या आड येत होती. पाणी वाढतच होते. पुलाजवळच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, म्हणून तामेझो-सानने होडी चाळीस पावले मागे घेतली, मागच्या पायऱ्यांशी लावली आणि नवरीला उतरवून पायी पाठवले.

तीन वर्षांनी फुसाको माहेरी परत आली. त्या वेळी गावात एक वाक्य फिरले: होडी मागे गेली, मुलगीही मागे आली. तामेझो-सानच्या तोंडावर कोणी काही बोलले नाही. आमच्या गावात तोंडावर बोलत नाहीत. फक्त त्या जूनपासूनच नवरीच्या होडीची वेळ आली की त्यांची पाळी कधीच नसे. "तामेझो-सानला त्या दिवशी शाळेच्या मुलांची सहल दिली आहे," किंवा "तामेझो-सानला आराम हवा." बावीस वर्षांत त्यांनी एकदाही का म्हणून विचारले नाही. नवरीची होडी समोरून आली की ते आपली होडी मागे घेत, भिंतीला न लावता थांबवत, आणि टोपी काढून उभे राहत.

चिहारु ही होड्यांच्या धक्क्यावर तिकिटे देणारी मुलगी. १९९९ मध्ये तिचे लग्न ठरले, पलीकडच्या ओकावाच्या शिक्षकाशी. तिने धक्क्यावरच जाहीर केले, "माझी होडी तामेझो काका नेणार."

तामेझो-सान जेवणाचा डबा सोडत होते. ते म्हणाले, "मला त्या दिवशी आराम हवा."

"कोणी सांगितलं?"

"दर वेळी कोणीतरी सांगतं. या वेळी मीच सांगतो."

"काका, सहा वर्षं मी इथं बसून बघतेय. भिंतीला न लावता वळणारी होडी एकच आहे. माझा टोप भाड्याचा आहे, किमोनो भाड्याचा आहे. निदान नावाडी तरी मला हवा तो असू दे."

वराची आजी ऐंशीच्या पुढची होती. तिला कोणीतरी जुनी गोष्ट सांगितलीच. ती चिहारुच्या घरी येऊन चहा न पिता परत गेली. चिहारु हटली नाही. वराने आजीला समजावले, की आजीने त्याला समजावले, ते मला ठाऊक नाही, पण शेवटी आजी म्हणाली, "ठीक आहे. होडी मागे आली, तर मीही ओकावाला मागे जाईन. लग्नाला बसणार नाही." हे वाक्य दोन दिवसांत सगळ्या कालव्याला माहीत झाले.

तामेझो-सान आठवडाभर रोज हनुवटीच्या पुलाखाली काठी घेऊन जात होते. चिहारुला त्यांनी टोप घालून चटईवर बसायला लावले आणि मापे घेतली. किनुए-सान मला म्हणाली, "आमच्या लग्नाच्या आधी यांनी माझी उंचीसुद्धा विचारली नव्हती." शनिवारी संध्याकाळी त्यांचा हिशोब पक्का झाला: तुळई आणि टोप यांच्यात चार बोटे जागा. रात्री ते जेवले, असे किनुए-सानने मला कुंपणावरून सांगितले. आठवडाभरात पहिल्यांदाच.

रविवार, १४ नोव्हेंबर. स्वच्छ ऊन. साडेदहाच्या सुमारास आम्ही शेजारपाजारचे सगळे पुलाशेजारच्या पायऱ्यांवर नवरी बघायला उभे होतो. त्या पायऱ्यांना लागूनच फुसाकोचे दुकान आहे. माहेरी आल्यावर तिने वडिलांचा धंदा हाती घेतला, आणि तिच्याकडचा वाफवलेला वाम मासा आणि भात खायला लोक लांबून येतात. ती दुकानाच्या दारात हातात पंखा घेऊन उभी होती, आमच्यापासून चार पावले मागे.

होडी वळणावरून आली. मधोमध पांढऱ्याशुभ्र वेषातली चिहारु, शेजारी वर, दोघांचे आईबाप, आणि पुढच्या टोकाला वराची आजी, पाठ ताठ. मागे तामेझो-सान. होडी इतकी संथ येत होती की पाण्यातले प्रतिबिंब मोडत नव्हते.

मग मी पाहिले की त्यांनी बांबू तळाला रोवला. होडी पुलाच्या पाच पावले अलीकडे थांबली.

पाणी जास्त होते. शनिवारच्या मापापेक्षा चांगले वीतभर.

आमच्यातच मात्सुफुजी-सान उभे होते. त्या महिन्यात बंधाऱ्याच्या दारांची पाळी त्यांची होती. ते आनंदाने म्हणाले, "काय सुरेख दिसतोय ना कालवा? नवरी येणार म्हणून रात्री मुद्दाम पाणी घेतलं. भिंतीच्या खालचा चिखल दिसायला नको."

सगळ्यांच्या माना पुलाकडे वळल्या. त्यांनी एकदा पुलाकडे पाहिले, एकदा टोपाकडे, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "आत्ता... आत्ता दार उघडतो!"

"उघडलं तरी उतरायला किती वेळ?" तामेझो-सानने विचारले.

"दोन तास."

देवळात अकराची वेळ होती आणि त्यानंतर दुसरे जोडपे होते. मात्सुफुजी-सान कमरेत वाकले ते वाकलेलेच राहिले. तामेझो-सान त्यांना म्हणाले, "सरळ व्हा हो. पाणी सुरेख दिसतंय, यात काही खोटं नाही."

सगळे एकदम बोलू लागले. टोप काढा. टोप काढला तर लावायला तास जाईल. मागे रेलून बसू दे. पट्ट्यामुळे रेलता येत नाही. उतरून पुलावरून जाऊ दे. या शेवटच्या सूचनेवर आजीने प्रथमच मान वळवली आणि म्हणाली, "एकदा उतरवून पाहिलं आहे ना यांनी?"

तामेझो-सानच्या हातातला बांबू हलला नाही. मला मात्र त्यांच्या मानेची शीर दिसत होती. मागे जायला वाट मोकळी होती. एक ढकल, की सगळे सुखरूप मागच्या पायऱ्यांशी. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी तेच केले होते आणि ते बरोबरच होते.

ते चिहारुला म्हणाले, "खालच्या दोन्ही गाद्या काढ." वराने आणि आईने तिला धरून गाद्या सरकवल्या. ती चटईवर आली. तामेझो-सानने एक डोळा मिटून पाहिले. "अजून चार बोटं."

मग ते पायऱ्यांकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "इथं वजनदार माणसं कोण कोण आहेत?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

"होडी खाली बसवायची आहे. रिकामी होडी पाण्यावर तरंगते, भरलेली पाण्यात बसते. गाळाच्या होड्या आम्ही अशाच काढायचो इथून. या, पटापट. जाड माणसं आधी!"

तोफू करणारा ओनिझुका पहिला धावला. त्याचे वजन पंच्याण्णव किलो, आणि आयुष्यात प्रथमच त्याला त्याचा अभिमान वाटत असावा. तामेझो-सानने बांबूच्या टोकावर होडीची मागची बाजू तेवढी पायऱ्यांकडे वळवली. एक पाऊलही मागे न नेता. ओनिझुकाच्या मागून मात्सुफुजी-सान, मग केस कापणारे नवरा-बायको, मग एप्रन घातलेली पोस्टातली बाई. किनुए-सान उतरू लागली तसे तामेझो-सान म्हणाले, "तू मधोमध बस. तू एकटी दोघांच्या ठिकाणी."

"घरी या, मग सांगते कोण किती वजनदार आहे ते," किनुए-सान म्हणाली, पण मधोमध बसली.

मीही गेले. माझे वजन तेव्हा एकोणपन्नास किलो. तामेझो-सानने माझ्याकडे पाहून म्हटले, "तुम्ही? बरं, या. नाही म्हणू नये." आम्ही बारा जण चढलो. दर माणसाबरोबर होडी केसभर खाली जात होती. पाणी आता कडेपासून थोडेच खाली राहिले होते. कोणी मोठ्याने श्वास घेत नव्हते.

तामेझो-सानने पुन्हा डोळा मिटला. "अर्धं बोट कमी पडतंय. अजून एक माणूस."

पायऱ्यांवर दोन लहान मुलांशिवाय कोणी उरले नव्हते. आणि दुकानाच्या दारात फुसाको.

सगळ्यांनी तिला पाहिले. मीही पाहिले, आणि मान खाली घातली. ते मी इथे लिहिते आहे, कारण इतक्या वर्षांनी तरी लिहायला हवे. परत आलेली बाई नवरीच्या होडीत कशी घ्यायची?

चिहारुला मान वळवता येत नव्हती. ती समोर बघतच म्हणाली, "कोण आहे तिकडे?"

"कोणी नाही," पुढून कोणीतरी म्हणाले.

"मी आहे," फुसाको म्हणाली. "फुसाको."

"मग या ना, फुसाको-सान. वेळ होतोय."

फुसाकोने पंखा खाली ठेवला, हात एप्रनला पुसले आणि शेवटच्या पायरीपर्यंत आली. तिथे थांबली. "आत यायच्या आधी एक सांगते," ती म्हणाली. ती तामेझो-सानशी बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "माझा संसार तुमच्या होडीनं मोडला नाही, तामेझो-सान. तो माणूस प्यायचा आणि हात उचलायचा. मी परत आले तर लोक म्हणायला लागले, होडी मागे गेली म्हणून. मला बरं वाटलं. कोणी पुढचं विचारेना. त्या दिवशी तुम्ही माझं डोकं वाचवलंत आणि मी एकोणीस वर्षं तुमच्या आड लपून बसले."

तामेझो-सान पाण्याकडे पाहत होते. मग ते म्हणाले, "मला वाटायचं, मीच काहीतरी... " आणि तिथेच थांबले. खाकरून म्हणाले, "डावीकडे बसा. ओनिझुकामुळे होडी उजवीकडे झुकतेय."

डावीकडे जागा फक्त पुढे होती, वराच्या आजीशेजारी. आजीने फुसाकोकडे पाहिले. मग तिने आपल्या काळ्या रेशमी किमोनोचा घोळ हाताने उचलून मांडीवर घेतला आणि जागा केली. म्हणाली, "बस पोरी. मीही एकदा माहेरी गेले होते, अठरा दिवस. आमच्याकडे तेव्हा नवरी पायी जायची, म्हणून लोकांनी पायांना दोष दिला." आमच्यापैकी कोणी हसायचे धाडस केले नाही, पण होडी जराशी हलली.

"कोणी हलू नका," तामेझो-सान म्हणाले. "आता पुलाखाली मला बांबू वापरता येणार नाही. एकच ढकल. श्वास घ्यायचा तो आत्ता घ्या."

त्यांनी बांबू ठेवला. मी त्यांच्या पायांशी बसले होते, त्यामुळे मला त्यांचे पाय दिसत होते. बोटे चटईत रुतली, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, आणि एकवीस माणसांची होडी कोणी हाताने सरकवल्यासारखी पुढे निघाली. जोराने ढकलली असती तर पाणी आत आले असते. हळू ढकलली असती तर पुलाखालीच थांबली असती. ते बांबू आडवा टाकून माझ्याशेजारी उताणे पडले. आम्ही सगळे वाकलो. एकटी चिहारु ताठ.

पुलाखाली अंधार, ओल्या दगडाचा वास. दोन्ही बाजूंना भिंती हातभर अंतरावर, तेवढ्याच अंतरावर राहिल्या. मी डोळे वर करून पाहिले. तुळई टोपावरून जात होती. मध्ये पोस्टाचे पाकीट जाईल एवढी जागा. तुळईवरचे कोळ्याचे एक जाळे पांढऱ्या कापडाला चिकटले आणि लांबच लांब ताणत आमच्याबरोबर आले.

मग डोळ्यांवर ऊन आले.

ओरडण्याची सोय नव्हती, कारण हलायचे नव्हते. ओनिझुका तेवढा रडत होता, तेही न हलता. तामेझो-सान उठले, बांबू उचलला आणि काहीच न झाल्यासारखे म्हणाले, "पुढं देवळापर्यंत कुठं पायऱ्या नाहीत. तुम्हा सगळ्यांना लग्नाला यावं लागणार." आणि आम्ही गेलो, एप्रनमध्ये, रबरी चपलांत, केस कापणाऱ्या बाईच्या खिशात कात्री. अकराला सात मिनिटे कमी असताना होडी देवळाच्या धक्क्याला लागली. लागली म्हणणेही चूक; धक्क्यापासून बोटभर अंतरावर थांबली.

त्यांनी आधी नवरीला उतरवले, मग आम्हाला एक डावीकडचा, एक उजवीकडचा असे करत, म्हणजे होडी उसळू नये. फुसाको उतरताना त्यांनी तिला हात दिला. ती देवळाकडे चार पावले गेली, मग परत येऊन त्यांच्या टोपीवरचे कोळिष्टक काढून गेली.

वराची आजी सर्वांत शेवटी उतरली. धक्क्यावर काठी टेकून ती मागे वळली.

"एगुची-सान, माझी धाकटी नात आहे. वसंतात तिचं लग्न. मुलगा तुमच्याच गावचा. तिची होडी न्याल का?"

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. किनुए-सान माझ्याशेजारी उभी होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळी तिथे निळा डाग होता.

तामेझो-सानने टोपी काढली, पुन्हा घातली. "उंच आहे का मुलगी?"

"माझ्यावर गेली आहे."

त्यांनी आजीला पायांपासून डोक्यापर्यंत नीट पाहिले, जसे ते पुलाला पाहत. "पाणी बघून सांगतो," ते म्हणाले.

"हो म्हणायला तोंड झिजतं का यांचं!" किनुए-सान माझ्या कानात पुटपुटली. ती रडत होती.

तामेझो-सान तोवर गुडघ्यांवर बसून होडीतल्या चटया झटकू लागले होते.